ओढवून घेतलेल्या आजाराचे औषध

प्रेडनिसोलोनची गोळी आपल्याकडे कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. दमा, संधिवात, अंगावर उठलेले चट्टे अशा किती तरी तक्रारींसाठी ती दिली जाते आणि तिची किंमतही फार नाही. दारूमुळे लिव्हरला अचानक तीव्र सूज आलेल्या रुग्णांना हे स्टेरॉइड देऊन पाहण्याचा एक सुरुवातीचा पद्धतशीर प्रयोग १९७१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात ३७ रुग्ण होते. त्याला अर्धशतक उलटून गेले. या काळात हिपॅटायटिस ‘सी’ तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होऊ लागला, एचआयव्ही झालेली माणसे म्हातारपण पाहू लागली, रक्ताच्या एका कर्करोगाला रोजची एक गोळी पुरू लागली. दारूने सुजलेल्या लिव्हरसाठी मात्र नागपूरच्या मेडिकल कॉलेजात काय किंवा लंडनमध्ये काय, डॉक्टरच्या हाताशी मुख्य औषध म्हणून आजही तेच स्टेरॉइड आहे, आणि तेही जेमतेमच चालते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आजारासाठी म्हणून आजवर एकाही औषधाला मंजुरी दिलेली नाही.

लिव्हर हा गुंतागुंतीचा अवयव आहे, हे खरे. पण एवढ्या मोठ्या रिकामपणाचे कारण तेवढेच आहे, असे मला वाटत नाही. या माणसाने आजार स्वतः ओढवून घेतला, असा निवाडा आपण सगळ्यांनी मिळून कधीच देऊन टाकला आहे. घरच्यांनी दिला, गावाने दिला, पुष्कळदा डॉक्टरांनीही दिला. हा निवाडा वॉर्डापुरता राहिलेला नाही. कोणत्या आजारावर संशोधनाचा पैसा लावायचा, चाचणीत कोणाला घ्यायचे आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचे, इथपर्यंत तो पोचला आहे. तो मोडायचा असेल तर नव्या औषधांचा शोध मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत राहून चालणार नाही. भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्यासारख्या गावातला रुग्ण त्या शोधाच्या मध्यभागी आणावा लागेल.

सिहोरा तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या धानपट्ट्यात आहे. चांदपूरचा तलाव जवळ, पलीकडे बालाघाट जिल्हा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात आणि बायका-मुले ती वेचतात. त्या फुलांचे पुष्कळ पदार्थ होतात, आणि दारूही होते. सडवा घालायचा, भट्टी लावायची, दारू उतरवायची, ही कला या भागात जुनी आहे. शिवाय सरकारमान्य देशी दारूचे दुकान आहेच. रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून उभे राहिलेला मजूर संध्याकाळी अंगदुखीवर पव्वा घेतो, आणि काही वर्षांनी तो पव्वा अंगदुखीची वाट पाहत नाही.

या पव्व्याचे गणित नीट करून पाहण्यासारखे आहे. ४२.८ टक्के ताकदीच्या १८० मिलीलीटर दारूत सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. पुरुषाला रोज ६० ग्रॅमहून जास्त आणि बाईला ४० ग्रॅमहून जास्त, असे निदान सहा महिने चालले असेल तर अचानक आलेल्या काविळीमागे दारू आहे असे डॉक्टर धरतात. म्हणजे रोजचा एक पव्वा माणसाला थेट त्या रेषेवर नेऊन उभा करतो. गावात जो ‘जास्त पीत नाही, एकच घेतो’ म्हणून ओळखला जातो, तोसुद्धा या हिशेबातून सुटत नाही. हातभट्टीच्या दारूचे तर मोजमापच नाही. पन्नीतून येणाऱ्या दारूवर टक्केवारी छापलेली नसते, आणि मोहाची म्हणजे झाडाची, म्हणून ती बाधत नाही अशी समजूत वर असते. लिव्हरला मोह आणि मळी यांतला फरक कळत नाही.

आत काय घडते, ते थोडक्यात असे. अल्कोहोलचे लिव्हरमध्ये ॲसिटाल्डिहाइड होते आणि ते विषारी असते. लिव्हरच्या पेशींत चरबी साठते. भरपूर पिणाऱ्या बहुतेक सगळ्यांच्याच साठते आणि दारू सुटली की ती बरीचशी ओसरते. त्यातल्या दहा-वीस टक्क्यांच्या लिव्हरमध्ये पुढे जखमांचे व्रण धरून सिऱ्होसिस होतो. त्याच वेळी आतड्याचे अस्तर सैल पडते, तिथल्या जिवाणूंचे अंश रक्तातून लिव्हरमध्ये शिरतात आणि शरीराची संरक्षक फौज आपल्याच घरात लढाई सुरू करते. ही लढाई भडकली की डोळे पिवळे होतात, पोटात पाणी भरते, ताप येतो. याला अल्कोहोलिक हिपॅटायटिस म्हणतात. त्याचा तीव्र प्रकार झालेला माणूस महिन्या-दोन महिन्यांत जाऊ शकतो.

डोळे पिवळे झाले की सिहोऱ्याच्या आसपासचा माणूस आधी कुठे जातो? कावीळ उतरवणाऱ्याकडे. गळ्यात माळ पडते, झाडपाल्याचा रस पोटात जातो आणि पथ्य सुरू होते. तेल बंद, हळद बंद, डाळ बंद, अंडी-मटण तर विचारायलाच नको. नुसता भात आणि उसाचा रस. दवाखान्यात आल्यावर बायको सांगते, “डॉक्टरसाहेब, कावीळ उतरवून आणली जी, पन पोट उतरत नाही.” तिने आपल्या परीने सगळे केलेले असते. पण हे पथ्य या आजारात घातक आहे. बेल्जियम आणि फ्रान्समधल्या १३६ रुग्णांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पोटात रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साडेएकवीस कॅलरींपेक्षा कमी अन्न गेले, त्यांच्यापैकी सहा महिन्यांत सुमारे ६६ टक्के दगावले. ज्यांना त्याहून जास्त अन्न मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ३३ टक्के होते. जेवणारे मुळातच कमी आजारी असतील ही शंका रास्त आहे. तरीही या आजारात डाळ, अंडी, दूध आणि रात्री झोपण्याआधी काही खाणे ही उपचाराचीच बाजू आहे, याबद्दल आज वैद्यकात दुमत नाही. आपल्याकडे नेमके तेच बंद होते.

मग तुमसर, मग भंडारा, मग नागपूर. प्रत्येक ठिकाणी ‘पुढे न्या’ म्हटले जाते आणि प्रत्येक पायरीवर दिवस जातात. तीव्रता ओळखायला लागतात फक्त दोन तपासण्या: रक्तातले बिलिरुबिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ. १९७८ साली मॅड्रे यांनी त्यांचे एक सूत्र बसवून दिले. रक्त गोठायला जितके सेकंद जास्त लागतात त्यांना ४.६ ने गुणायचे आणि त्यात बिलिरुबिन मिळवायचे. बेरीज ३२ किंवा त्याहून जास्त आली तर जिवाला धोका. शाळेतल्या मुलाला जमेल असे हे गणित आहे. ते पहिल्याच सरकारी दवाखान्यात, पहिल्याच दिवशी झाले पाहिजे.

आता त्या स्टेरॉइडविषयी. ब्रिटनमधल्या ६५ रुग्णालयांत ११०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१५ साली आला. या आजारावरची ती सर्वांत मोठी चाचणी, आणि ती कुठल्या कंपनीच्या पैशाने झाली नव्हती, तिथल्या सरकारी संशोधन निधीतून झाली. पेंटॉक्सिफिलिन या दुसऱ्या औषधाचा काहीच उपयोग नसल्याचे तिने दाखवले. प्रेडनिसोलोनने २८ दिवसांतले मृत्यू थोडे कमी झालेले दिसले, पण योगायोगाची शक्यता पुरती पुसली जाईल इतके नाही. तीन महिन्यांनी आणि वर्षाने पाहिले तर फरक उरला नव्हता. शिवाय स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी १३ टक्के लोकांना गंभीर जंतुसंसर्ग झाला; न घेतलेल्यांत ते प्रमाण ७ टक्के होते.

हा शेवटचा आकडा वाचताना मला झाडीपट्टीतला, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातला, क्षयरोग आठवतो. स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबते. दबून बसलेला क्षय त्याने उसळू शकतो. ब्रिटनच्या वॉर्डात ही शंका क्वचित घ्यावी लागते, आपल्याकडे प्रत्येक रुग्णात घ्यावी लागते. आणि ज्या पिणाऱ्याला आधीच क्षय आहे, त्याच्या क्षयाच्या तीन मुख्य गोळ्या, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, लिव्हरलाच त्रास देणाऱ्या आहेत. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, त्यातही डोळे पिवळे होतात. हिपॅटायटिस ‘बी’ आहे, मलेरिया आहे. लंडनला किंवा टेक्सासला सिद्ध झालेले औषध इथल्या शरीरात तसेच वागेल, असे धरून चालणे म्हणजे आंधळेपणा आहे. इथे चाचणी हवी असे मी म्हणतो त्याचे पहिले कारण हेच आहे.

दुसरे कारण फसलेल्या औषधांच्या इतिहासात सापडते. हा इतिहास आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

सूज भडकवणारा टीएनएफ नावाचा एक रेणू या आजारात वाढलेला असतो. तो अडवला की झाले, असा विचार करून संधिवातात कामी येणारी दोन महागडी औषधे वापरून पाहिली गेली. २००४ साली फ्रान्समधली पहिली चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणारे रुग्ण जंतुसंसर्गाने दगावू लागले. २००८ साली दुसऱ्या औषधाचाही निकाल तसाच आला. औषध घेतलेल्यांत सहा महिन्यांतले मृत्यू जास्त होते. ज्या रेणूला आपण शत्रू समजत होतो, तोच लिव्हरच्या डागडुजीलाही लागत असावा. पेंटॉक्सिफिलिनची कथा याहून बोलकी आहे. २००० साली अमेरिकेतल्या १०१ रुग्णांच्या चाचणीत मृत्यूचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून साधारण २४ टक्क्यांवर आलेले दिसले. जगभरचे डॉक्टर हे औषध लिहून देऊ लागले. पंधरा वर्षांनी हजारावर रुग्णांची मोठी चाचणी झाली तेव्हा त्यात काहीच निघाले नाही. मधल्या काळात किती जणांना ती गोळी आशेने दिली गेली असेल!

भारतालाही हा अनुभव आला. अस्थिमज्जेतून पांढऱ्या पेशी बाहेर आणणाऱ्या जी-सीएसएफ या इंजेक्शनचा चंडीगडच्या पीजीआयमध्ये प्रयोग झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ४६ रुग्ण होते, आणि तीन महिन्यांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ७८ टक्के जिवंत होते, इतरांपैकी ३० टक्के. हे आकडे पाहून कोणाचेही मन भरून येईल. पुढे जर्मनीत आधीच बिघडलेले लिव्हर अचानक निकामी झालेल्या १७६ रुग्णांवर याच औषधाची मोठी चाचणी झाली; २०२१ साली तिचा निकाल आला आणि फायदा दिसला नाही. जर्मन रुग्ण आणि चंडीगडचे रुग्ण सारखे नव्हते, असा आक्षेप घेता येतो आणि तो चुकीचा नाही. पण मग भारतातच, अनेक केंद्रांत मिळून, हजारभर रुग्णांवर तो प्रश्न तडीस का नेला गेला नाही? अर्धवट सोडलेला प्रश्न हा रुग्णांवरचा अन्याय असतो. ज्यांनी चाचणीत आपले शरीर दिले त्यांच्यावर, आणि त्यांच्यानंतर आलेल्यांवरही.

ॲनाकिनरा या औषधाने तर उलटा धडा दिला. सूज आवरणारे हे औषध जस्ताच्या जोडीने अमेरिकेतल्या आठ केंद्रांत स्टेरॉइडविरुद्ध तपासले गेले. १४७ रुग्ण झाल्यावर चाचणी थांबवली, कारण तीन महिन्यांनी स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ९० टक्के जिवंत होते आणि नव्या औषधाच्या गटातले ७० टक्के. म्हणजे ज्या स्टेरॉइडला आपण नावे ठेवतो, तेही नीट निवडलेल्या आणि नीट सांभाळलेल्या रुग्णात अजून कामाचे आहे. सातव्या दिवशी बिलिरुबिन पुन्हा मोजून औषध लागू पडते की नाही हे ठरवायचे आणि नसेल तर बंद करायचे, ही २००७ पासूनची पद्धत आहे. त्यासाठी रुग्णाला सात दिवस वॉर्डात राहावे लागते. तिसऱ्या दिवशी पैसे संपले म्हणून घरी नेलेल्या माणसावर ती वापरता येत नाही.

आज आशा कुठे आहे? लार्सुकोस्टेरॉल हा रेणू पेशींतल्या जनुकांवर बसलेल्या रासायनिक खुणा बदलून लिव्हरची डागडुजी सुरू करतो, असा दावा आहे. ३०७ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांतले मृत्यू दोन मात्रांत अनुक्रमे ४१ आणि ३५ टक्क्यांनी कमी झालेले दिसले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला ते पुरते उतरले नाहीत. नुसते अमेरिकेतले रुग्ण वेगळे काढले तर घट साठ टक्क्यांच्या जवळ जाते. अशा वेगळ्या काढलेल्या आकड्यांवर मी पटकन विश्वास ठेवणार नाही. पेंटॉक्सिफिलिनने ते शिकवले आहे. पण मोठ्या चाचणीपर्यंत ते औषध गेले पाहिजे, आणि तेव्हा भारतातली केंद्रे त्यात हवीत.

दुसरी आशा आपल्या देशातली आहे आणि ती मला जास्त मोलाची वाटते. बिघडलेल्या आतड्यातले जिवाणूच बदलून टाकले तर? दिल्लीच्या यकृत व पित्तविज्ञान संस्थेत निरोगी माणसाच्या मलातले जिवाणू नळीवाटे, सात दिवस रोज, रुग्णाच्या आतड्यात सोडले गेले. आठ रुग्णांपासून सुरुवात झाली; तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मग १२० रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना हा उपचार. तीन महिन्यांनी स्टेरॉइडच्या गटातले ५७ टक्क्यांच्या आसपास जिवंत होते, जिवाणूंच्या गटातले ७५ टक्के. किळस येण्यासारखे यात काही नाही. दाता बहुधा घरातलाच असतो, पेटंटाची किंमत नाही, आणि प्रतिकारशक्ती दाबली जात नसल्याने क्षयाच्या मुलखाला हे जास्त मानवेल. सावध राहावे असे बरेच आहे. दात्याची काटेकोर तपासणी हवी आणि १२० हा आकडा अजून लहानच आहे. पण नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पेलेल असा हा उपचार आहे.

आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहायला बसवले तिच्याकडे येतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत रेसमेटिरोम या औषधाला मंजुरी मिळाली. लिव्हरमध्ये चरबी साठून सूज आणि व्रण होण्याच्या आजारावरचे ते पहिले औषध. पुढच्या वर्षी सेमाग्लुटाइडही त्या यादीत आले. पण ही औषधे आहेत लठ्ठपणा-मधुमेहातून येणाऱ्या चरबीसाठी. ठरावीक मापापेक्षा जास्त पिणाऱ्यांना त्या चाचण्यांतून कटाक्षाने वगळले होते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही लिव्हर इतकी सारखी दिसतात की अनुभवी तज्ज्ञालाही फरक सांगणे अवघड जाते. एका चरबीसाठी कंपन्यांनी अब्जावधी डॉलर ओतले, दुसरीला दारातच अडवले.

अडवण्याला शास्त्रीय कारण आहे, हे मान्य करतो. पिणे कमी-जास्त झाले की लिव्हर आपोआप सुधारते किंवा बिघडते, त्यामुळे औषधाचे श्रेय वेगळे काढणे कठीण जाते. पण ही अडचण सोडवता येते. फॉस्फटिडिलइथॅनॉल नावाच्या रक्ततपासणीने गेल्या दोन-चार आठवड्यांतले पिणे कळते, माणसाच्या सांगण्यावर विसंबावे लागत नाही. मोजमाप नसलेली हातभट्टी पिणाऱ्यालाही तिच्या आधारे चाचणीत घेता येईल. मग खरे कारण बाजारात शोधावे लागते. मधुमेहाचा रुग्ण वीस वर्षे गोळी विकत घेतो. दारूने लिव्हर गेलेला मजूर एक तर लवकर मरतो किंवा दारू सोडून बरा होतो, आणि दोन्ही वेळा त्याच्या खिशात पैसे नसतात.

आपले सरकारही याच वाटेने गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला. पाऊल चांगले होते. पण नाव आणि मार्गदर्शक सूचना होत्या बिगर-अल्कोहोली फॅटी लिव्हरच्या. देशातल्या ११ रुग्णालयांतल्या तेरा हजारांवर लिव्हर रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात सिऱ्होसिसच्या कारणांमध्ये दारू पहिल्या क्रमांकावर होती, ३४ टक्के. पहिल्या क्रमांकाचे कारण बाजूला ठेवून कार्यक्रम आखला गेला. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीने सांगितले की दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला आपल्या विदर्भातला आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे: औषध कशाला, दारूच बंद करा. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत जे उभे केले त्याला तोड नाही. चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, त्याची खंत मलाही आहे. भंडाऱ्यातल्या बायकांनी आडव्या बाटलीला मते देऊन दुकाने बंद करावीत, असेच मला वाटते. पण आज सिहोऱ्यात ज्याचे पोट फुगले आहे, त्याचे लिव्हर दहा-पंधरा वर्षांपूर्वीपासून बिघडत आले आहे. उद्या भंडारा जिल्ह्यात थेंबभर दारू मिळाली नाही तरी हे रुग्ण वर्षानुवर्षे येत राहणार. आडव्या बाटलीला मत देणारी बाई आणि वॉर्डात नवऱ्याच्या उशाशी बसलेली बाई अनेकदा एकच असते. तिला बंदी हवी असते आणि नवरा जिवंतही हवा असतो. या दोन मागण्यांत विरोध आहे असे फक्त बाहेरच्यांना वाटते.

दुसरा आक्षेप कडवट आहे. औषध मिळाले की हे लोक आणखी पितील. तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाला आपण शस्त्रक्रिया नाकारत नाही, त्याच्यासाठी टाटा रुग्णालय उभे आहे. पण पिणाऱ्याबाबत हा प्रश्न विचारायला कोणी बिचकत नाही. या आक्षेपाला पुरावाही फारसा नाही. लिव्हर बदलण्याआधी सहा महिने दारू सोडलेली असली पाहिजे, असा नियम जगभर पाळला जाई. तीव्र अल्कोहोलिक हिपॅटायटिसमध्ये स्टेरॉइड लागू न पडलेला माणूस बहुधा सहा महिने जगतच नाही, म्हणजे हा नियम त्याच्यापुरता मृत्युदंड होता. फ्रान्स-बेल्जियममधल्या डॉक्टरांनी तो बाजूला ठेवून स्टेरॉइड लागू न पडलेल्या, नीट पारखून घेतलेल्या २६ जणांना नवे लिव्हर दिले. २०११ साली निकाल आला: सहा महिन्यांनी ७७ टक्के जिवंत, तशाच पण लिव्हर न मिळालेल्या रुग्णांत २३ टक्के. २६ पैकी तिघे पुढे पुन्हा प्यायले, तेही जवळजवळ दोन वर्षांनंतर. मरणाच्या दारातून आलेला माणूस बदलू शकतो. सिहोऱ्याच्या मजुराला लिव्हर बदलणे परवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर औषधाचा हट्ट.

लिव्हरच्या औषधाबरोबर तलफेचे औषधही हवे, नाही तर सगळे वाया. सिऱ्होसिस झालेल्यांवर मुद्दाम तपासलेले असे एक औषध आहे: बॅक्लोफेन. २००७ साली इटलीत ८४ रुग्णांवर चाचणी झाली. औषध घेतलेल्यांपैकी ७१ टक्के दारूपासून दूर राहिले, बिनऔषधाच्या गटातले २९ टक्के. ही स्नायू सैल करणारी स्वस्त, जुनी गोळी आहे. मेंदूवर गुंगी येऊ लागलेल्या लिव्हर रुग्णात ती जपून द्यावी लागते, पण देता येते. अंटाब्यूजची म्हणजे डायसल्फिरामची गोळी मात्र बिघडलेल्या लिव्हरला बाधू शकते, आणि तीच पुष्कळ घरांत नवऱ्याच्या नकळत चहातून दिली जाते. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून दाखवून दिले आहे की व्यसनमुक्तीचे काम माणुसकीने करता येते. लिव्हरचा डॉक्टर आणि व्यसनाचा डॉक्टर एकाच टेबलावर बसलेले मात्र सरकारी रुग्णालयात क्वचित दिसतात.

पैशाचे काय? जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचे कर वाढवले, धान्यापासून बनवायच्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकाराला मान्यता दिली आणि त्यातून वर्षाला १४,००० कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज मांडला. हा नुसता जादाचा अंदाज आहे, एकूण उत्पन्न वेगळे. त्या जादा पैशातला हजारात एक रुपया बाजूला काढला तरी वर्षाला १४ कोटी होतात. सरकार दारूच्या विक्रीत भागीदार आहे, तर तिच्यामुळे होणाऱ्या आजाराच्या शोधातही त्याने भागीदार व्हावे, ही मागणी भिकेची नाही. बॅक्लोफेन, आतड्यातल्या जिवाणूंवर काम करणारे रिफॅक्सिमिन, पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा म्हणून वापरले जाणारे एन-ॲसिटिलसिस्टीन, अशी पेटंट संपलेली औषधे तपासायला कुठलीच कंपनी सहसा पुढे येणार नाही. एन-ॲसिटिलसिस्टीन स्टेरॉइडच्या जोडीने दिल्यावर पहिल्या महिन्यातले मृत्यू २४ वरून ८ टक्क्यांवर आले, असे फ्रान्समधल्या १७४ रुग्णांत २०११ साली दिसले होते. सहा महिन्यांनी तो फरक ठामपणे उरला नाही. जंतुसंसर्गाने मरणाऱ्या आपल्या रुग्णांत काय दिसेल, हे इथे तपासल्याशिवाय कळणार नाही.

अशी चाचणी नागपूरची महाविद्यालये, गोंदिया आणि भंडारा-तुमसरची रुग्णालये मिळून करू शकतील. ग्रामीण दवाखान्याने पहिल्या दिवशी दोन तपासण्या करायच्या, सूत्र मांडायचे, रुग्णाला जेवू घालायला सांगायचे आणि नोंद करून पुढे पाठवायचे. त्याच दवाखान्यात वय, प्लेटलेट आणि लिव्हरच्या दोन साध्या तपासण्यांवरून ‘फिब-४’ हा आकडा काढला तर कावीळ होण्याच्या कित्येक वर्षे आधी धोक्यातला माणूस ओळखता येतो. नवी औषधे खरे तर त्याच माणसावर जास्त चालतील, कारण त्याच्या लिव्हरमध्ये वाचवण्यासारखे अजून बरेच असते.

एका धोक्याकडे मात्र डोळेझाक करता येणार नाही. गरीब, कमी शिकलेला, गुंगीत असलेला रुग्ण आणि त्याच्या घाबरलेल्या बायकोचा अंगठा: अशा संमतीवर आपल्या देशात औषधचाचण्या झाल्या आहेत आणि त्यांची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. २०१९ च्या नियमांनी नुकसानभरपाई आणि चाचणी संपल्यावरही औषध मिळण्याची तरतूद केली आहे. ती पुरेशी नाही. संमतीचा कागद झाडीबोलीत वाचून दाखवला गेला पाहिजे, गुंगी उतरल्यावर रुग्णाला स्वतःला पुन्हा विचारले गेले पाहिजे, आणि निकाल आल्यावर तो त्या गावांत जाऊन सांगितला गेला पाहिजे. औषध यशस्वी ठरले तर ते महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणत्या किमतीला येईल, हे पहिला रुग्ण घेण्याआधीच करारात लिहून घ्यायला हवे. कंपनी परदेशी असेल तर जास्तच ठामपणे.